पायांनी वाचलेली मुंबई

आमच्या मुंबईत डोंगर आहेत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजले. मलबार हिल, कंबाला हिल ही नावे लहानपणापासून कानावर होती. पण पत्ता सांगताना घ्यायची नावे, यापलीकडे त्यांना काही अर्थ नव्हता. बसमध्ये बसलेल्या माणसाला चढ लागत नाही. तो लागतो बसच्या इंजिनाला. २०२३ च्या जुलैपासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत मी मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी या शहराच्या रस्त्यांवरून धावलो, आणि तेव्हा एकेक चढ माझ्या पोटऱ्यांना आपले नाव सांगून गेला.

या वयात हे खूळ कुठून शिरले, असे आपण विचाराल. घरच्यांनीही विचारले. त्याचे खरे उत्तर माझ्या थोरल्या भावाच्या घरात होते. दादा एके काळी कबड्डीच्या मैदानावर नाव काढलेला गडी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. पण दादाच्या मनाने जी खुर्ची धरली ती काही सोडली नाही. माहीमच्या घरातून तो दोन जिने उतरेना. "उतरेन रे, पण चढताना काही झालं तर?" एवढेच त्याचे म्हणणे. त्याच्याकडे पाहून घरी परतताना माझ्याच छातीवर हात जाई. भीती ही सर्दीसारखी असते. एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाते. तिच्यापासून पळायचे, तर निदान रीतसर पळावे, असे मी ठरवले.

"अहो, लोकल पकडायला धावता तेवढं पुरे नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले. मग त्यांनी अट घातली: आधी डॉक्टर, मग बूट. अट रास्तच होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने एकदम धावत सुटणे हे शौर्य नव्हे. डॉक्टरांनी रक्त तपासले, सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, "धावा. मात्र धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे असं समजा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबा." मला तर हा सल्ला फार आवडला. गप्पा मारता मारता करायचा व्यायाम मध्यमवर्गी माणसाला आणखी कोणता मिळणार?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा ऐकला की मला नेहमी वाण्याच्या बिलाची आठवण येई. वरचे एकशे पंच्याण्णव मीटर कशासाठी? इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने इराणी सैन्याचा पराभव केला आणि विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला, वार्ता सांगून कोसळला, ही कथा आपण शाळेत वाचतो. गंमत अशी की, त्या युद्धाचा जुना इतिहासकार हेरोडोटस या धावेचा उल्लेखच करीत नाही. तो सांगतो ते एका दूताने मदत मागण्यासाठी स्पार्टापर्यंत केलेल्या दौडीविषयी. अथेन्सची कथा पुढे काही शतकांनी लिहिली गेली. तरी तिच्याच जोरावर १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमारे चाळीस किलोमीटरची शर्यत ठेवली गेली, आणि स्पिरिडॉन लुई या ग्रीक गड्याने ती जिंकली. ४२.१९५ चा आकडा आला १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. १९२१ साली तो कायमचा झाला.

मध्ये एक सुंदर मराठी पान आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील गडी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि यांना ऑलिंपिकला पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या तुकडीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. कुठले बेळगाव आणि कुठले अँटवर्प! माझ्या पायांतले बूट पाहून मला कधी कधी त्यांची आठवण येई आणि बुटांची किंमत आठवून लाज वाटे.

तयारीचे गणित साधे होते. आठवड्यातून तीन दिवस थोडे धावायचे, रविवारी लांब. दर आठवड्याला अंतर थोडे थोडेच वाढवायचे, आणि तीन आठवडे चढवले की चौथ्या आठवड्यात उतरवायचे. पन्नाशीनंतर दम लवकर वाढतो, पण स्नायू आणि सांधे सावकाश तयार होतात; म्हणून विश्रांतीचा दिवसही धावण्याइतकाच निष्ठेने पाळावा लागतो. जुलैत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीच्या चार फेऱ्यांनी आरंभ झाला. मुंबईचा पाऊस, पायाखाली शेवाळ आणि अंगात मिणमिणता उत्साह. सप्टेंबरात सोळा किलोमीटर झाले, ऑक्टोबरात एकवीस.

या पहाटांनी मला जी मुंबई दाखवली, ती साडेनऊच्या लोकलमधून दिसत नाही. साडेचारला दादरच्या फुलबाजारात झेंडूचे डोंगर उभे असतात. पदपथावर बसून पेपरवाले पुरवण्या पानांत सरकवीत असतात. २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, गुलालाने माखलेले ढोलवाले हातगाडीवर ढोलालाच उशाशी घेऊन झोपलेले दिसले. वरळीला कोळीवाड्याकडच्या होड्यांचे दिवे पाण्यावर हलत असतात. या सर्वांना मी रोज दिसू लागलो, तसे आमचे नाते जमले. एक फुलवाल्या मावशी मला विचारीत, "दादा, कोन मागं लागलंय?" महिन्याभराने प्रश्न बदलला: "आज उशीर केलासा?"

आणि मग ते डोंगर! मुंबई सात बेटांची, हे भूगोलात पाठ केलेले वाक्य. पण धावणाऱ्याच्या पायांना ती बेटे आजही लागतात. प्रभादेवीहून वरळीकडे गेले की पुढे हाजीअलीपर्यंत रस्ता सपाट मिळतो, कारण तो मुळात बांध आहे. अठराव्या शतकापर्यंत वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसून शहराचा मधला सखल भाग बुडवीत असे. हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून ते खिंडार बुजवले. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावरून जातो. तो संपला की पेडर रोडचा चढ सुरू होतो, कारण तेथे पुन्हा खरे बेट लागते, खडक लागतो. केम्प्स कॉर्नरला उतरलो की गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. तेथून नरिमन पॉइंटपर्यंत पुन्हा सपाट, कारण ती विसाव्या शतकात समुद्र हटवून मिळवलेली जमीन. सपाट तेवढे माणसाचे, चढ तेवढे देवाचे, असा ढोबळ हिशेब मी मांडला होता. या हिशेबात भर पडतच असते. २०२४ साली किनारी रस्ता सुरू झाला आणि समुद्र आणखी थोडा पलीकडे सरकला.

१२ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता आणि त्याच दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. वेळापत्रकात चोवीस किलोमीटर लिहिलेले. घरात पेचप्रसंग उभा राहिला. शेवटी मुलीने तोडगा काढला: "बाबा, तुम्ही साडेतीनला आंघोळ करा, कारीट फोडा आणि जा. फराळ आम्ही थांबवतो." उटण्याचा वास अंगाला घेऊन मी निघालो. सर्वत्र कंदील लागले होते. वर्षातून या एका दिवशी सारी मध्यमवर्गी मुंबई माझ्याबरोबर जागी होती. परत आल्यावर खाल्लेल्या चकलीची चव मी शब्दांत सांगू शकणार नाही. तिच्याखाली चोवीस किलोमीटरची भूक होती.

३१ डिसेंबरला बत्तीस किलोमीटरची सर्वांत लांब धाव झाली. त्यापुढचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचे. बेचाळीस धावायचे असून बत्तीसवरच का थांबायचे, याचे कारण आहे. शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साखर साठवते, पण ती साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंतच पुरते. पुढे चरबी जाळावी लागते आणि ते काम सावकाश होते. पंचवीस तारखेला पगार संपावा आणि महिना मात्र एकतीस दिवसांचा असावा, तशी ही अवस्था. म्हणून आरंभी हात आखडून खर्च करायचा आणि वाटेत खजूर, केळे अशी किरकोळ जमा करीत राहायची. पाणीही तहानेच्या बेताने प्यायचे; नुसते पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकते. ही शिकस्त सरावातच पुरी केली, तर सावरायला आठवडेच्या आठवडे जातात.

२१ जानेवारी २०२४ ची पहाट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत उजळलेली आणि तिच्यासमोर हजारो माणसे. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी हे सारे अंधारातच मागे पडले. सूर्य वर आला तेव्हा मी सागरी सेतूवर होतो. २००९ साली खुल्या झालेल्या या पुलावर एरवी पायी चालायला मनाई आहे. त्या सकाळी तो पायांचाच होता. हजारो तळव्यांचा आवाज, खाली भरतीचे पाणी, आणि मागे वरळीच्या बाजूने वर येणारा तांबडा गोळा. बाजूने एक सत्तरीच्या आजी नऊवारीत माझ्या पुढे निघून गेल्या. मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

वांद्र्याहून परतताना आम्ही माहीमच्या खाडीवरून आलो. ही वाट १८४५ साली खुली झाली ती लेडी जमशेटजींनी दिलेल्या पैशांतून. लोकांच्या होड्या उलटत, म्हणून त्या बाईंनी दीड लाखावर रुपये दिले होते. पुढे सावरकर मार्ग, आम्हा जुन्या माणसांचा कॅडल रोड. सत्ताविसावा किलोमीटर असेल. कडेला माणसे संत्री, मीठ-साखरेचे पाणी घेऊन उभी होती. त्यांत एका लोखंडी खुर्चीवर दादा बसला होता.

मी थबकलो. "दादा, तू खाली कसा आलास?"

"जिन्यानं," तो म्हणाला. "आणि थांबतोस काय? चल."

तो उठला आणि माझ्याबरोबर चालू लागला. मी धावत नव्हतो, तो रेंगाळत नव्हता. वहिनी खुर्ची उचलून मागे मागे येत होत्या. पुढच्या सिग्नलपर्यंत आम्ही दोघे भाऊ काही न बोलता गेलो. तेथे त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती जुनी, कबड्डीच्या मैदानातली थाप होती. "जा आता. मला परत दोन जिने चढायचेत."

पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोड दुसऱ्यांदा आला. पहाटे अंधारात जो चढ गुपचूप पायांखालून गेला होता, तो आता उन्हात तोंडासमोर उभा राहिला. पोटऱ्यांत गोळे येत होते. कडेच्या घरांतून लोक "आलंच, आलंच" म्हणून ओरडत होते. हे मुंबईकराचे सर्वांत प्रेमळ असत्य. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालला होता: दादाचे दोन जिने, माझा एक चढ. मी थोडा चाललो, थोडा धावलो आणि वर पोचलो. शर्यत पुरी व्हायला मला ५ तास २२ मिनिटे लागली. फडेप्पा चौगुले तेवढ्या वेळात माझ्यापेक्षा लांबचे अंतर तुडवून, अंघोळ करून जेवायला बसले असते.

दादा आता रोज संध्याकाळी माहीमच्या चौपाटीपर्यंत चालत जातो आणि जिन्याची गोष्ट काढत नाही. मॅरेथॉन प्रत्येकाने धावावी, असे मी म्हणणार नाही. ते वेड ज्याचे त्याने ठरवावे आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे. पण वाचक हो, अभ्यंगस्नानाला आपण पहाटे उठणारच आहात. स्नान झाले की फराळाची ताटे मांडण्यापूर्वी घरच्यांना घेऊन तासभर रस्त्यावर चालून या. कंदील लागलेले असतील, हवेत गारवा असेल, वाहने कमी असतील. आपल्या गावात चढ कुठे आहे, तो पायांना विचारा. आणि घरात कुणी जिना उतरायला भीत असेल, तर त्याच्यासाठी खाली एक खुर्ची ठेवा. उरलेले तो स्वतः करील.