पंख्याची बिजागरी

चि. नंदूस,


एडिसनच्या तुझ्या हॉटेलच्या छतावरचे फोटो पाहिले. एक्झॉस्टचा पंखा डक्टवर नुसता ठेवलाय, बिजागरीच नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तू विचारतोस, तयार संच महाग पडतो, साध्या बिजागऱ्यांवर भागेल का? भागेल. फक्त खोलीच्या दाराच्या नकोत. मोठ्या फाटकाला असतात तशा लांब पट्टीच्या, जाड दोन घे. स्टेनलेस मिळाल्या तर उत्तम. दोन्ही एकाच बाजूला, पिना एका रेषेत. पंख्याचं बूड खालच्या पत्र्याच्या चौकटीवर टोपीसारखं बसतं. पिन त्या टोपीच्या अगदी खालच्या कडेशी, बाहेरून आली पाहिजे. वर घेतलीस तर पंखा उघडताना कड आत दाबली जाते नि पत्रा मुडपतो. स्क्रूवर भागवू नकोस, आरपार बोल्ट आणि मागून वॉशर लाव. भोकं चौकटीलाच पाड, डक्टला एकही नको. तिथून तेल गळेल.

साखळी विसरू नकोस. पंखा उघडला की तिनेच धरून ठेवायचा. मी हे काम करत होतो तेव्हा एका छतावर पंखा आडवा टाकलेला सापडला. सगळा भार वायरीवर. वरचं आवरण सोलून आतलं तांबं दिसत होतं, आणि भोवती थिजलेल्या तुपासारखा पिवळा थर. हात न लावता आधी खाली जाऊन मेन स्विच पाडला. म्हणून वायर लवचिक, पावसात टिकणारी आणि पंखा पूर्ण उघडला तरी ताणली न जाणारी हवी.

तिकडच्या एनएफपीए ९६ या अग्निसुरक्षा मानकात बिजागरी, अशी वायर आणि उघडा पंखा धरून ठेवायची सोय, तिन्ही सांगितलेली आहेत. कारण उघड आहे रे. उचलायला जड पंखा साफ करणारे उचलतच नाहीत. पात्यांखाली चरबी साचत जाते, आणि शेगडीवर भडका उडाला की पंखाच ती ज्वाळा वर ओढतो. तुझा तंदूर कोळशाचा, म्हणजे तपासणी दर महिन्याला. बिजागरी नसेल तर दर महिन्याला पंखा उचलणार कोण?

घरी जुळवलेली बिजागरी चालेल का, हे भोक पाडायच्या आधी तिथल्या फायर इन्स्पेक्टरला विचार. नाही म्हणाले तर संचाचे पैसे मी पाठवतो, संकोच करू नकोस.

साखळी लावलीस की पंखा उघडा ठेवून फोटो पाठव. वायर दिसेल असा.

तुझा,
मामा