गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं

सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली की आमच्या गावातले पहाटेचे रस्ते पुन्हा ओस पडू लागतात. ही स्पर्धा २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं उतरून परत यायचं, असे २१ किलोमीटर. तिच्या आधी भर पावसात, अंधारात, घाटात पळणाऱ्यांची रांग लागलेली असते. स्पर्धा होते, पदक घरी येतं, फोटो सगळ्यांना पाठवून होतात आणि ती रांग हळूहळू विरते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला ज्यांनी नाव नोंदवलेलं असतं, तेवढे उरतात. त्यांच्यातलेही बरेच जण दिवाळीच्या फराळापर्यंतच टिकतात.

जे दिवाळीनंतरही येत राहतात, त्यांच्याबद्दल मला फार पूर्वीपासून कुतूहल आहे. लोक म्हणतात, त्यांची जिद्द मोठी. इतकी वर्षं त्यांच्यासोबत पळून मला ते पटेनासं झालं आहे. जिद्दीची माणसं लवकर पळणं सोडताना मी पाहिली आहेत. दात-ओठ खाऊन पळणारा तरुण महिन्याभरात दिसेनासा होतो आणि रमतगमत येणाऱ्या पन्नाशीच्या बाई वर्षानुवर्षं त्याच वेळेला, त्याच वळणावर भेटत राहतात. या दोघांत फरक मनोबलाचा नाही. तो वेगाचा आहे.

नवीन पळणाऱ्याचं काय होतं ते पाहा. मनगटावर घड्याळ येतं, मोबाईलवर ॲप येतं. काल एक किलोमीटरला सात मिनिटं लागली, तर आज पावणेसात लागली पाहिजेत. उद्या त्याहून कमी. बघता बघता रोजची पहाट परीक्षेची होते. घरी परतताना छाती भात्यासारखी हलत असते, पायऱ्या चढवत नाहीत, ऑफिसात दुपारी डोळे मिटतात. दुसऱ्या दिवशी गजर वाजतो तेव्हा शरीराला हे सगळं आठवतं आणि ते उठायला नकार देतं. आपण त्याला आळस म्हणतो, स्वतःला बोल लावतो, प्रेरणादायी भाषणं ऐकतो. पण शरीराचा हिशोब चोख असतो. जिथे रोज छळ होणार, तिथे रोज आपणहून कोण जाईल?

न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा एक प्रशिक्षक होऊन गेला. तो बुटांच्या कारखान्यात काम करायचा. किती पळावं आणि किती जोरात पळावं, याचे प्रयोग त्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्याच शरीरावर केले आणि मग आजूबाजूच्या मुलांना शिकवलं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. पीटर स्नेलनं ८०० मीटरचं, मरे हालबर्गनं ५,००० मीटरचं. ८०० मीटर म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत. तरी स्नेल तयारीच्या काळात आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळायचा. लिडियार्डचं सांगणं होतं, शरीराला शिकवा, त्याला ओरबाडू नका. पुढे त्यानं ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन माणसांनाही सावकाश पळायला लावलं. त्यांना पाहून भारावलेला अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन ही रीत आपल्या देशात घेऊन गेला. आज जगभर माणसं हौसेनं जॉगिंग करतात, त्याचं मोठं श्रेय या सावकाश पळणाऱ्यांना आहे.

सावकाश म्हणजे किती, तर सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. या वेगात शरीराच्या आत बरंच काही घडत असतं. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. चरबी जाळून धावायची सवय लागते. हाडं आणि टाचेमागची जाड शीर मात्र फार हळू बळकट होतात. त्यांना महिनेच्या महिने लागतात. धाप आधी कमी होते, पाय मागून तयार होतात. या दोन्हींमधल्या काळात वेग वाढवला की नडगी दुखते, टाच धरते आणि सगळंच थांबतं.

कुणी विचारेल, मग विजेते कसे घडतात? आमच्याच जिल्ह्यातल्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची. पुढे ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. त्या उंचीवर जोराच्या सरावाशिवाय कुणी पोहोचत नाही, हे खरंच आहे. पण नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकानं लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. त्यांच्या सरावाची सुमारे ८० टक्के सत्रं सोप्या वेगाची असतात, असं त्याला दिसलं. जगातले सर्वांत वेगवान पायही बहुतेक दिवस हळूच पळत असतात. रोज जोर लावायचा हट्ट हौशी माणसांचाच असतो.

हळू पळण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ मात्र कुठल्याही पेशीत मोजता येत नाही. त्या वेगात सोबत मिळते. आमच्या घोळक्यात कुणी निवृत्त शिक्षक आहेत, कुणी एसटीत वाहक आहेत, कुणी मुलांचे डबे भरून येणाऱ्या आहेत. घाट चढताना सोयाबीनचा भाव, मुलीचं अकरावीचं ॲडमिशन, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं निघतं. एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. नोव्हेंबरात कृष्णेच्या खोऱ्यात धुकं उतरतं, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्ता अडवून चालतात. अशा वेळी एकट्यानं घराबाहेर पडायला माझाही पाय निघत नाही. पण कोपऱ्यावर दोघी उभ्या आहेत हे माहीत असलं की निघतो.

त्याच वेळी मैदानावर पोलीस भरतीची मुलं-मुली पळत असतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८००. सेकंदासेकंदावर गुण आणि त्या गुणांवर अख्ख्या घराचं भवितव्य. त्यांचं पळणं जोराचंच असणार. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. येता-जाता ती 'चला काकू, चला!' म्हणून ओरडतात तेव्हा अंगात बळ येतं. पण भरतीची जाहिरात लांबली की मैदानही रिकामं होऊ लागतं. नोकरी असो, पदक असो की डॉक्टरांची ताकीद, बाहेरचं कारण माणसाला मैदानापर्यंत आणून सोडतं. तिथे रोज परत यायचं तर त्या पळण्यातच काहीतरी गोड सापडावं लागतं.

आणि खाड्यांचं काय? खाडे पडणारच. घरात पाहुणे येतात, लग्नसराई येते, कुणीतरी दवाखान्यात असतं, बायकांचे महिन्याचे दिवस असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाच्या बाबतीत हिशोब १८ दिवसांचा निघाला, तर कुणाच्या बारा आठवड्यांच्या पुढचा अंदाज बांधून २५४ दिवसांचा. आणि मधला एखादा खाडा पडल्यानं सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. एका खाड्यानं काही मोडत नाही. खाड्यानंतर 'आता सगळं गेलं' असं जे आपण मनाशी ठरवतो, त्यानं मोडतं. बुडालेले किलोमीटर दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाणारा माणूस पुन्हा दमतो आणि पुन्हा खाडा करतो. बुडाले ते सोडून द्यावेत आणि आजचं पळावं.

हळू पळणं सोपं मात्र नाही. त्याला अभिमान गिळावा लागतो. शेजारून पोरं सपासप पुढे निघून जातात, चहाच्या टपरीवरून कुणीतरी 'चालताय का पळताय?' असं विचारतं. तेव्हा आपला वेग न वाढवता हसून पुढे जाणं ही मोठी कमाई आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. स्नायूंमधला साखरेचा साठा तोवर संपत आलेला असतो आणि तिथे अनेकांची चाल मोडते. रस्त्याच्या दुतर्फा उभे लोक टाळ्या वाजवतात, संत्र्याच्या फोडी पुढे करतात. त्या टाळ्या हव्याहव्याशा वाटतात. पण तो चढ चढवतात ते हिवाळ्यातले सावकाश किलोमीटर, जे कुणी पाहिलेले नसतात.

तुमचं पळणं सुटलं असेल, तर स्वतःला आळशी म्हणणं आधी थांबवा. उद्या पहाटे घड्याळ घरी ठेवा, कुणाला तरी सोबत घ्या आणि बोलता येईल इतक्याच वेगानं निघा. धाप लागली तर चाला, त्यात काही कमीपणा नाही. आणखी थोडं पळावंसं वाटत असतानाच परत फिरा. परवा पुन्हा या.