वाचनांत अडणाऱ्या मुलाची शाळा

ज्या घरांत चार पिढ्या पोथी, पुस्तक आणि वर्तमानपत्र यांवर वाढल्या, त्या घरांतील एखाद्या मुलास वाचतां येत नाहीं, ही गोष्ट त्या घरास लवकर पटत नाहीं. मूल लंगडत असेल, त्यास कमी ऐकूं येत असेल, तर सगळें घर धांवून जातें. पण तें वाचतांना अडखळलें, तर आळशी, चंचळ किंवा हट्टी असल्याचा निकाल माजघरांतच लागतो. आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंच्या मुलासाठीं शाळा शोधण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं जें पाहिलें व जें ठरविलें, तें अशाच विवंचनेंत असलेल्या कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

मुलगा तेव्हां आठ वर्षें पुरीं करून तिसरींत होता. बोलण्यांत चतुर, तोंडी हिशेबांत चोख. रामरक्षा आजोबांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यास पुरी पाठ झालेली. शाळेंतले धडेहि तो घरीं धडाधड म्हणून दाखवी. एके दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं धडा मधूनच उघडून एका ओळीवर बोट ठेवलें, तेव्हां उलगडा झाला कीं, सारा धडा त्यानें ऐकून पाठ केला होता. अनोळखी कागद पुढें ठेवला म्हणजे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांची गल्लत होई. वेलांटी कोणत्या बाजूस वळवावी हें सुचत नसे. जोडाक्षर आलें कीं तो थांबे. पुढें सोमवारीं सकाळीं त्याचें पोट दुखूं लागलें. एकदां भावंडांशीं शाळा-शाळा खेळतांना तो सहज म्हणून गेला, ‘मी ढ आहें, मला मास्तर करूं नका.’ वाचन मागें पडलें याहून हें वाक्य आम्हांस अधिक भयंकर वाटलें.

डोळे व कान तपासले. ते निर्दोष निघाले. मग मानसशास्त्रज्ञांनीं बुद्धीचें मापन केलें आणि विशेष-शिक्षिकेनें वाचन, लेखन व गणित यांची पातळी पाहिली. बुद्धि उत्तम, वाचन मात्र दोन इयत्ता मागें. निदान झालें, डिस्लेक्सिया.

शब्द कानांस नवा वाटला, तरी विषय जुना आहे. १८९६ सालीं इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केली व या दोषास जन्मजात शब्दांधत्व असें नांव दिलें. सर्व शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असें त्या मुलाच्या शिक्षकाचें मत होतें. संथा देऊन वेद जतन करणाऱ्या आपल्या परंपरेंत असा मुलगा कदाचित् उत्तम विद्यार्थी गणला गेला असता. आज मात्र सारी विद्या कागदावर उतरली आहे.

मॉर्गन यांच्या नंतरच्या संशोधनानें इतकें ठरलें कीं, दोष डोळ्यांत नाहीं व बुद्धींतहि नाहीं. बोललेल्या शब्दांतील ध्वनि सुटे करणें आणि ते चिन्हांशीं जोडणें हें काम अशा मुलाच्या मेंदूस जड जातें. पुष्कळदां तें कुळांतून उतरतें. त्यावर औषध नाहीं. शिकविण्याची रीति मात्र आहे. अमेरिकेंतील डॉ. सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रीतींत अक्षर डोळ्यांनीं पाहावयाचें, कानांनीं ऐकावयाचें, तोंडानें म्हणावयाचें आणि बोटानें गिरवावयाचें; एक पायरी पक्की झाल्यावांचून दुसरीवर पाऊल टाकावयाचें नाहीं. धूळपाटीवर शिकलेल्या आमच्या पणजोबांस ती ओळखीची वाटली असती. कायद्यानेंहि आतां या दोषाची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत त्याचा समावेश असून, सरकारमान्य रुग्णालयाचा दाखला असल्यास दहावीच्या परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

निदानानंतर घरांत खरा वाद सुरू झाला. मुलगा चालू शाळेंतच ठेवावा, कीं खास शाळेंत घालावा? चालू शाळा चांगली. आम्ही भाऊ तेथेंच शिकलों, चुलत भावंडें तेथेंच जातात. मुख्याध्यापक सज्जन. परंतु वर्गांत पंचावन्न मुलें आणि विशेष-शिक्षक एकहि नाहीं. शाळा सुटल्यावर तासभर अशा शिक्षकाची शिकवणी ठेवणें, हा मार्ग पुष्कळांस पुरतो. ज्याचें वाचन थोडें मागें आहे आणि हुरूप शाबूत आहे, त्यास तोच बरा. आमच्या मुलाचा हुरूप रोज सहा तास खचत होता, आणि दमून आल्यावरच्या एका तासांत तो भरून येण्यासारखा नव्हता. म्हणून तीन खासगी शाळा पाहिल्या.

पहिलींत वातानुकूलित वर्ग, संगणकांचे पडदे आणि सहा महिन्यांत मुलगा ‘पूर्ण बरा’ करून देण्याचें आश्वासन होतें. वर्गांत बसूं देण्यास मात्र नकार मिळाला. दुसरी वसतिगृहाची, शिक्षण चांगलें, पण एवढ्या लहान मुलास घरापासून तोडावें असें कारण दिसलें नाहीं. तिसरी एका जुन्या बंगल्यांत भरते. वर्गांत आठ मुलें. मुख्य बाईंनीं मुलाच्या उणिवांआधीं त्यास काय काय येतें तें विचारलें, तास चालू असतां आम्हांस मागें बसूं दिलें, आणि ‘किती दिवसांत वाचूं लागेल?’ या प्रश्नास उत्तर दिलें, ‘तीन महिन्यांनीं मोजून सांगूं, आज सांगणें खरें होणार नाहीं.’

अशी शाळा पाहावयास जाणाऱ्या पालकांनीं इमारतीपेक्षां चार गोष्टी पाहाव्या. शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत काय. शिकविण्याची रीति प्रत्यक्ष तासांत दिसते काय. प्रगति मोजून लेखी देतात काय. आणि मुलास साधारण शाळेंत परत पाठविण्याची त्यांची योजना काय. शेवटचा प्रश्न प्रवेशाच्या दिवशींच विचारावा. जी शाळा मुलास दहावीपर्यंत आपल्यापाशींच ठेवूं पाहते, तेथें तें वाचावयास शिकेल; पण पंचावन्नांच्या घोळक्यांत उभें राहावयास कोठें शिकणार? सर्वच मुलें परतूं शकत नाहींत हेंहि खरें. अशांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांची वाट मोकळी आहे.

या तिसऱ्या शाळेचें माध्यम इंग्रजी, आणि येथें आम्ही बराच काळ अडलों. देवनागरींत चिन्ह व ध्वनि यांचा मेळ पुष्कळसा ठरलेला. इंग्रजींत ‘नाइट’ हा एकच उच्चार दोन तऱ्हांनीं लिहितात आणि त्याचे दोन अर्थ होतात. आधींच अडणाऱ्या मुलास ही वाट कां द्यावी? शिवाय भाषेचा भार हलका करावयाचा म्हटलें कीं, आपल्याकडे पुष्कळ घरीं पहिली सुटते ती मराठी. बाईंनीं आमचें म्हणणें ऐकलें. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें २०१५ सालीं हिंदी, कानडी व इंग्रजीबरोबर मराठींतहि या दोषाच्या चांचण्या सिद्ध केल्या आहेत, हें त्यांनींच सांगितलें. आठवड्यांतून तीन तास मराठी वाचन त्याच रीतीनें घेण्याचें ठरलें. ज्या भाषेंत मुलगा आजीशीं भांडतो, ती त्यास वाचतां यावी, एवढाच आमचा आग्रह होता.

राहिला पैशाचा प्रश्न. त्या शाळेची वार्षिक फी घरांतील इतर तिघां मुलांच्या एकत्रित फीहून अधिक. थोरल्या वहिनींनीं विचारलें, ‘माझ्या मुलींच्या पुढच्या शिक्षणाचें काय?’ प्रश्न रास्त होता, आणि तो दाबून टाकला असता तर घरांत कायमची अढी राहिली असती. उत्तर आमच्या मातोश्रींनीं दिलें. त्या म्हणाल्या, ‘पंगतींत पानें सारखीं मांडतात, वाढतांना भूक पाहतात, पण ज्याच्या पानांत कमी पडलें, त्यास कारण सांगावें लागतें.’ त्याप्रमाणें मुलींसह सर्वांना बसवून हिशेब दाखविला. मुलींच्या नांवें ठेवलेल्या रकमेस हात लावावयाचा नाहीं. घराची रंगरंगोटी व प्रवास थांबवावयाचे. आणि ही व्यवस्था दोन वर्षांपुरतीच, पुढचें पुन्हां सर्वांनीं मिळून ठरवावयाचें.

येत्या जूनमध्यें तीं दोन वर्षें पुरीं होतील. मुलगा आतां ओळीखालीं पट्टी धरून दोन पानांची गोष्ट सावकाश, पण स्वतः वाचतो. शुद्धलेखन अजून कच्चें आहे व कदाचित् तसेंच राहील. सोमवारची पोटदुखी थांबली. नव्या शाळेंतले सोबती दूरदूर राहतात, त्यामुळें गल्लींत त्यास जोडीदार उरला नाहीं, हें नुकसानहि झालें. सहावीसाठीं त्यास जुन्या शाळेंत परत न्यावयाचें आहे; मुख्याध्यापकांनीं आठवड्यांतून तीन दिवस विशेष-शिक्षिकेस शाळेंतच शिकवूं देण्याचें कबूल केलें आहे. तें त्यास कितपत झेपतें, हें वर्षभर पाहावें लागेल.

दरम्यान, रोज रात्रीं वीस मिनिटें त्यास मोठ्यानें वाचून दाखविण्याची पाळी आम्हां मोठ्या माणसांत लावली आहे. अक्षरें उशिरां येतील. गोष्टींची गोडी त्यांच्यासाठीं खोळंबून राहूं नये. एवढें एक काम कोणत्याहि शाळेस फी देऊन करून घेतां येत नाहीं.