धर्मच्छळातून निसटलेला पाद्री आणि आजीचा एक प्रश्न

१/१३
गेल्या वर्षी प्रबंधाच्या तयारीसाठी मी ‘ख्रिस्तपुराण’ वाचत होते. ओवी मोठ्याने म्हटल्याखेरीज उमगत नाही, म्हणून संध्याकाळी ओसरीवर बसून वाचू लागले. आजी वाती वळत ऐकत होती. पोथ्या ऐकण्यात तिचे आयुष्य गेलेले. चाल तिला लगेच ओळखीची वाटली. “कोणी लिहिलंय गं हे?” तिने विचारले. “एका इंग्रज पाद्र्याने. चारशे वर्षांपूर्वी, गोव्यात, साष्टीला.” तिचे हात थांबले. “तो आला तेव्हा आपली देवी तिथेच होती, की गेली होती?”

२/१३
आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. तिचे मूळ स्थान साष्टीतील केळशी. त्यामुळे आजीचा प्रश्न भाबडा नव्हता. तो काटेकोर कालक्रमाचा प्रश्न होता आणि माझ्या टिपणांत तो कुठेही नव्हता. तिथे फादर थॉमस स्टीफन्स हे केवळ मायदेशातील धर्मच्छळामुळे परागंदा झालेले मराठी कवी होते. मित्रहो, हा धागा त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. सुरुवात मात्र इंग्लंडपासून करावी लागेल.

३/१३
एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५५९ पासून सरकारी चर्चच्या उपासनेला हजर राहणे सक्तीचे झाले. गैरहजेरीला दंड होता. १५७० मध्ये पोपने राणीला धर्मबहिष्कृत ठरवले आणि प्रत्येक कॅथलिक माणूस राजद्रोहाचा संशयित बनला. १५७७ मध्ये कथबर्ट मेन, १५८१ मध्ये एडमंड कॅम्पियन या धर्मगुरूंना देहदंड झाला. १५८५ च्या कायद्याने तर परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला.

४/१३
स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायरमधील बुश्टन गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी ते थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाबरोबर, त्याचा नोकर असल्याचे भासवून हिंडत. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले होते. निघण्यापूर्वीच पाउंडला अटक झाली. पुढची सुमारे तीस वर्षे तो या ना त्या तुरुंगात होता. स्टीफन्स एकटेच निसटले.

५/१३
१५७५ मध्ये ते रोमला जेझुइट संघात दाखल झाले. मागे राहिलेल्या मित्राला ते विसरले नाहीत. पाउंडला तुरुंगात असतानाच संघात घ्यावे, म्हणून त्यांनी अर्ज केला आणि तो मान्य झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. वडिलांना त्यांनी या प्रवासाची हकीकत लिहून पाठवली. ते पत्र पुढे हॅक्लुटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचेच नाव सांगितले जाते.

६/१३
आता साष्टी. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन आले. १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराच्या हुकमतीखाली साष्टीतील देवळे एकामागून एक पाडली, जाळली गेली. त्याच दशकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. मूर्तींबरोबर माणसेही जुवारी ओलांडून आदिलशाही मुलखात गेली. त्यांत आमचे पूर्वजही होते, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

७/१३
आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे: देवी आधीच गेली होती. स्टीफन्स आले ते सुमारे डझनभर वर्षांनंतर. देवळे पाडणाऱ्यांत ते नव्हते. पण ज्या सत्तेने ती पाडली, तिच्याच छत्राखाली ते राहिले. १५८० मध्ये गोव्यातच धर्मगुरू झाले आणि साष्टीच्या खेड्यांत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. इंग्लंडमध्ये राजसत्तेने लादलेला धर्म नाकारून जो बाहेर पडला, त्याला इथे राजसत्तेचाच आधार मिळाला.

८/१३
जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी रुदोल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. देवळे पाडल्याचा राग त्यामागे होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारले. त्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी भाऊ रिचर्डला पत्र लिहिले. त्यात मृत सहकाऱ्यांची हकीकत आहे. त्याच पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असेही ते नोंदवतात. युरोपात भाषांच्या या नात्याची शास्त्रीय चर्चा सुरू व्हायला अजून दोनशे वर्षे होती.

९/१३
त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज कैदी होऊन गोव्यात आले. हेर असल्याचा संशय त्यांच्यावर होता. ज्या देशाने स्टीफन्स यांच्या मित्राला कोंडून ठेवले होते, त्या देशाची ही माणसे. तरीही त्यांना जामीन मिळावा म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली. जामिनावर सुटल्यावर ते पुढच्या एप्रिलात गोव्यातून पळाले, हा भाग वेगळा. परक्या तुरुंगातल्या माणसाचे हाल काय असतात, हे स्टीफन्स यांना समजत होते.

१०/१३
‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, मराठी भाषा आणि तिला कोंकणीची जोड. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या तुम्ही शाळेत ऐकल्या असतील. मला मात्र आरंभीचा एक प्रसंग अस्वस्थ करतो. धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. काय हिरावले गेले, हे स्टीफन्स यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते ग्रंथातच लिहून ठेवले.

११/१३
इथल्या लिपीत, इथल्या भाषेत पुस्तके छापावीत, अशी विनंती त्यांनी १६०८ मध्ये रोमच्या वरिष्ठांना केली होती. ती फळाला आली नाही. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. १६१९ मध्ये ते वारले. मायदेशी परतले नाहीत. त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये निघाले. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या झाल्या. मग १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले: तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराण रचले गेले, ती भाषाच आता नकोशी झाली.

१२/१३
त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्याहून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, म्हणून १९०७ मध्ये मंगळुरूला साल्ढाणा यांची आवृत्ती निघू शकली. गोव्याबाहेर गेलेल्या या कुटुंबांतही इन्क्विझिशनला कंटाळलेले लोक होते. देवनागरीतील एक हस्तलिखित तर लंडनला, मार्सडेन संग्रहात सापडले. स्टीफन्स ज्या देशाला कायमचे मुकले, तिथे त्यांच्या ओव्या पोचल्या.

१३/१३
हे सगळे मी आजीला सांगितले. छळातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या छळाकडे आपोआप बोट दाखवतो, असे मी गृहीत धरले होते. इतिहास तशी हमी देत नाही. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याला जावं लागलं, त्यालाही जावं लागलं. पण आपण गेलो त्या गावात तो राहिला, हे विसरू नकोस.” प्रबंधात ते वाक्य मी माझ्या शब्दांत मांडले आहे. कधी राशोलला गेलात, तर धक्क्यावरून शिरोड्याची फेरीबोट पकडा. पलीकडचा काठ काही मिनिटांत येतो. आजीने मात्र त्या संध्याकाळी वात पुन्हा हातात घेतली आणि म्हणाली, “वाच पुढं. भाषा छान आहे त्याची.”