पेटीतले गलबत

"काय हो, तुम्ही म्हणे किट विकता?"

एका सोयऱ्यांनी मला भर लग्नात असे विचारले, तेव्हा पंगतीतल्या चार माना एकदम माझ्याकडे वळल्या. आपल्याकडे कीट म्हणजे अंगावरचा मळ. तो विकणारा माणूस पाहायला कोणाला आवडणार नाही? मी घाईघाईने खुलासा केला, "किट म्हणजे संच हो! लाकडी गलबताचा. लहानमोठे तुकडे पेटीत घालून देतो. ज्याने त्याने घरी जोडायचे."

"म्हणजे तयार गलबत नाहीच?"

"नाही."

"म्हणजे अर्धे काम तुमचे, अर्धे गिऱ्हाइकाचे आणि पैसे मात्र पुरे तुमचे!"

मंडळी खो खो हसली. मीही हसलो. पण मठ्ठ्याचा घोट घेता घेता मनात आले, की या गृहस्थांनी माझ्या धंद्याचे मर्म एका वाक्यात सांगितले. फक्त यातले अर्धे कोणते माझे आणि अर्धे कोणते त्याचे, एवढे ठरवायला मला तीन वर्षे लागली. आणि फंडाच्या पैशांतला बराचसा भाग.

मुंबईच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले. निवृत्त झालो आणि वाघोटणच्या खाडीकाठी वडिलांनी ठेवलेल्या घरात येऊन राहिलो. खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग, आणि जवळच गिर्ये गावात आंग्र्यांनी खडक फोडून केलेली गोदी. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार इथेच जळाले. संध्याकाळी फिरायला गेलो, की त्या पाण्याकडे बघत मी उगाच उभा राहत असे.

अशातच भाच्याने परदेशातून येताना माझ्यासाठी एक संच आणला. इंग्रजांच्या 'व्हिक्टरी' या १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या युद्धनौकेचा. सात महिने मी तो जोडत होतो. जेवणाची आठवण राहत नसे. जहाज पुरे झाले, कपाटावर चढले, आणि मला एकाएकी लाज वाटली. घर आंग्र्यांच्या गोदीजवळ, आणि कपाटावर जहाज इंग्रजांचे! मग आपल्या गुराबेचा संच का नसावा?

का नसावा, याचे उत्तर पुढे कळले. इंग्रजांनी जहाजे बांधली आणि त्यांचे नकाशेही जपले. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ते आज बघायला मिळतात. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी १८१७ मध्ये मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट बांधली. ती हार्टलपूलला अजून तरंगते आहे. पण ज्या नकाशावरून ती बांधली तोही इंग्रजांचाच. गुराबेसाठी माझ्या हाती आले ते शब्द. रॉबर्ट ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी फार. पाणी थोडे लागते. आणि पुढे निमुळती होत गेलेली चोच. वाचायला सुरेख. पण नकाशा काढायला बसलो आणि पेन्सिल अडली. रुंदी फार म्हणजे किती? चोच निमुळती होते ती कोणत्या वळणाने? शब्दांना लांबी-रुंदी असते, वळण नसते.

शेवटी कोणीतरी सुचवले, खाडीपलीकडच्या मेस्त्रींना दाखव. मेस्त्रींनी ऐंशी ओलांडलेली. तरुणपणापासून मचवे बांधले. आता होड्या फायबरच्या झाल्या, तेव्हा ते अंगणात बसून मोडक्या खुर्च्यांचे पाय बसवतात. मी माझा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. तीस वर्षांच्या नोकरीचा सारा अभिमान त्यात ओतला होता. मेस्त्रींनी कागद उलटासुलटा केला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊनू, ह्यां पोट इंग्रजी आसा."

मग त्यांनी बांबूची एक कांब तासली, दोन्ही हातांनी कागदावर धरून वाकवली आणि म्हणाले, "आता काढ." मी कांबेच्या कडेने रेघ ओढली. माझ्या रेघेहून ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकलेली होती, पण नकाशातले गलबत एकदम पाण्यात बसलेले दिसू लागले. मी हर्षाने म्हणालो, "मेस्त्री, ही गुराब झाली!" त्यांनी मान हलवली. "गुराब मीयां बघूक नाय. मचवे बांदलंय."

एवढे बोलून ते खुर्चीच्या पायाकडे वळले. मी मात्र परतीच्या होडीत गप्प होतो. ज्या माणसाने जन्मभर गलबते बांधली, तो न पाहिलेल्या गुराबेवर शिक्का मारायला तयार नव्हता. आणि मी चार शब्दांच्या जोरावर पेटीवर 'आंग्र्यांची गुराब' छापायला निघालो होतो. छापली असती तर दुप्पट खप झाला असता, असे पेट्या करून देणारे गृहस्थ मला अजून सांगतात. पण पहिला संच मचव्याचा करायचा, असे मी त्या होडीतच ठरवले.

साठ फुटी मचवा. चार फुटांना एक इंच या प्रमाणाने तो पंधरा इंचांचा झाला. खाली कणा, ज्याला आपले दर्यावर्दी पठाण म्हणतात. त्यावर प्लायवुडचे अकरा आडवे साचे उभे करायचे. आणि साच्यांवरून लाकडाच्या पट्ट्या वाकवून चिकटवत जायचे. परदेशी संच असेच असतात. मोठ्या तोऱ्याने मी तो सांगाडा मेस्त्रींना दाखवला. ते हसूच लागले. "आदी हाडां, मगे कातडां? ह्यां गलबत नाय, सांगाडो!" त्यांची रीत उलटी. पठाणावर नजरेने फळ्या चढवत जायचे, फळीला फळी भिडवत पोट भरायचे, आणि मग आतून बरगड्या बसवायच्या.

मला ते इतके पटले की मी तसाही एक संच करून पाहिला. शेजारच्या नववीतल्या मुलाला जोडायला दिला. आठ दिवसांनी त्याने जे आणले, ते बघून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "नारळाची करवंटी कोणी तासली ही?" त्या मुलाचा काय दोष? मेस्त्रींच्या नजरेत साठ वर्षांचे साचे होते. ते मला पेटीत कसे घालता येणार? तेव्हा हाडेच आधी, असे ठरले. मेस्त्री काही बोलले नाहीत.

मग लाकूड. मचवा सागाचा, तर संचही सागाचा, असा माझा सरळ हिशेब. पण सागाच्या अंगावरचे बारीक छिद्र पाव मिलिमीटरचे धरले, तरी अठ्ठेचाळीस पटींनी मोठे केल्यावर त्यात करंगळी जाते. अशा फळीचे गलबत बंदरातच बुडायचे! खऱ्या लाकडाने खोटे दिसणारे गलबत होते, आणि दुसऱ्या लाकडाने खरे दिसते, हा मला मोठा चमत्कार वाटला. बारीक पोताचे, पिवळसर हेदाचे लाकूड शेवटी उपयोगी पडले. त्याच्या एक मिलिमीटर जाडीच्या आणि पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या मी पडवीत बसून कापू लागलो. साचे मात्र कोल्हापुरातून लेझरने कापून येतात.

पट्ट्या नाळेपाशी येऊन एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा मी हात टेकले. मधल्या साच्यावर पोटाचा घेर एका बाजूला साठ मिलिमीटर, म्हणजे पाच-पाचच्या बारा पट्ट्या. नाळेपाशी घेर छत्तीसच. बारा पट्ट्या तिथे मावणार कशा? सौभाग्यवती शिवणाच्या यंत्रावर होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, ब्लाऊजला टक्स घेतात तसे घ्या की! छातीशी कापड भरपूर, कमरेशी कमी. जास्तीचे काढून टाकायचे." पाचाची पट्टी टोकाकडे तीनावर आणायची, की झाले. तीस वर्षे नकाशे काढणाऱ्याला जे सुचले नाही ते यंत्राच्या टकटकीतून आले. जोडणीच्या पुस्तिकेत ती युक्ती आहे. ती कोणाची, हेही लिहिले आहे. नाही तर घरात निभाव लागला नसता.

आषाढात पन्नास संचांच्या पट्ट्या कापल्या. बाहेर धो धो पाऊस. ओल लागू नये म्हणून पट्ट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधल्या, आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झालो. दिवाळीपर्यंत पन्नासही पेट्या गेल्या. पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर! भाऊबीजेला मी सौभाग्यवतींना सांगितले, "फंडाचे पैसे वर्षात परत येतात बघ."

वैशाखात पत्रे येऊ लागली. मचव्याला फटी पडल्या. माझ्या ध्यानात आले तेव्हा कपाळाला हात लावला. ओल बाहेर राहावी म्हणून बांधलेल्या पिशव्यांत मी आषाढातली सारी ओल आत कोंडून पाठवली होती. लाकूड लांबीत आटत नाही म्हटले तरी चालेल, पण रुंदीत आटते. कोकणातल्या पावसाची पट्टी नागपूरच्या उन्हाळ्यात गेली, की बारा पट्ट्यांच्या रुंदीत दीड मिलिमीटर सहज कमी होतो. जिथे गोंद कच्चा, तिथे फट.

अकरा पत्रे आली. पेटीवर मी ऐटीत छापले होते, 'दोष आढळल्यास पैसे परत'. आता वाटू लागले, हा दोष लाकडाचा की हवेचा? हवेला मी काय करणार? अशी वकिली मी जेवताना मांडली. सौभाग्यवतींनी भाताची मूद वाढली आणि विचारले, "छापलंय ना? मग द्या." त्या दिवशी ताक फार आंबट लागले. पण पैसे पाठवले, आणि बरोबर सुक्या पट्ट्यांची नवी जुडीही.

त्या अकरांतले एक पत्र नागपूरचे. वडिलांनी चांगलेच खरडपट्टी काढणारे लिहिले होते, आणि ते योग्यच होते. पण खाली, सही झाल्यावर उरलेल्या जागेत, वेड्यावाकड्या अक्षरांत दोन ओळी होत्या. मुलाने विचारले होते, की आजीच्या वातींचा कापूस गोंदात बुडवून मी फटीत भरला तर चालेल का? बाबा नको म्हणतात.

ते पत्र घेऊन मी खाडीपलीकडे गेलो. मेस्त्रींना वाचून दाखवले. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावले, आणि मग आनंदाने मांडीवर थाप मारली. "पोराक कळलां!" मचव्याच्या फळ्यांच्या सांध्यांत ते जन्मभर तेलातला कापूसच ठोकून भरत आले होते. गलबताला फट असतेच. ती भरणे हे गलबत बांधणेच आहे. नागपूरच्या त्या पोराने समुद्र पाहिला आहे की नाही, देव जाणे. पण माझ्या चुकीतून तो मेस्त्रींच्या कामापाशी जाऊन पोचला होता. मी लगेच उत्तर लिहिले: चूक माझी, पैसे बाबांना पाठवले आहेत; पण कापूस जरूर भर.

आता मी पट्ट्या पावसात कापत नाही. दिवाळीनंतर कापतो आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर, सुक्या खोबऱ्याच्या शेजारी, दोन महिने ठेवतो. माझ्या पट्ट्यांना आता फटी पडत नाहीत म्हटले तरी चालेल. तरी पेटीत कापसाच्या सुताचे एक लहानसे रीळ असते, आणि पुस्तिकेत एक पान जास्त असते.

गेल्या वर्षी मी एक पेटी मेस्त्रींना दिली. घ्यायला तयार नव्हते. "माका काय करूची?" म्हणाले. दीड महिन्याने त्यांचा नातू ती परत घेऊन आला. पेटीत मचवा होता, पुरा. पुढे कललेली डोलकाठी, शीड, सुकाणू, सारे जागच्या जागी. आतून हातच्या बारीक बरगड्या बसवलेल्या. आणि खाली, कागदाच्या पुडीत, माझे अकराही साचे न वापरलेले. वर निरोप, "ह्यां तुका ठेव म्हणान सांगितल्यानी."

तो मचवा मी कपाटावर माझ्या मचव्याशेजारी ठेवला आहे. पाहुणे विचारतात, यातला चांगला कोणता? मी म्हणतो, दोन्ही एकाच पेटीतले. ज्याच्याकडे नजर आहे त्याला साचे लागत नाहीत. ज्याच्याकडे नाही, त्याच्या हातात मी अकरा काठ्या देतो, चालायला. एवढेच माझे अर्धे काम. उरलेले अर्धे ज्याचे त्यानेच करायचे असते, आणि पैसे पडतात ते खरे म्हणजे त्याच अर्ध्याचे.

ती पुडी अजून टेबलाच्या खणात आहे. गुराबेचा नकाशा काढायला बसलो, की मी ती काढून समोर ठेवतो. नकाशा अजून झालेला नाही.