त्यालाच विचार की!

"म्हणजे तू नक्की मोजतोस तरी काय?" माझी पीएचडी चालू असताना आई दर सुट्टीत विचारायची.

"विमान चालवताना वैमानिकाच्या डोक्यावर किती भार पडतो ते."

"मग त्यालाच विचार की!"

गंमत म्हणजे आम्ही आधी तेच करतो. नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेली 'टीएलएक्स' नावाची प्रश्नावली आहे. डोकं किती लावावं लागलं, अंगमेहनत, घाई, काम कितपत जमलं, कष्ट, चिडचिड... अशा सहा रेघांवर वैमानिकाने खुणा करायच्या.

इथे इंग्लंडमध्ये आमच्या सिम्युलेटरवर एकदा निवृत्तीला आलेले एक कॅप्टन आले होते. एक इंजिन बंद, आडवा वारा, तरी विमान अलगद उतरवलं. कागदावर सगळ्या खुणा डावीकडे, म्हणजे भार जवळजवळ नाहीच. "रोजचंच आहे," म्हणाले.

पण त्यांना एक जोडकामही दिलं होतं. समोरचा छोटा दिवा लागला की बटण दाबायचं. शेवटच्या काही मिनिटांत दिवा निम्म्याहून जास्त वेळा लागून विझला, बोट हललंच नाही. रेकॉर्डिंग दाखवल्यावर एवढंच म्हणाले, "दिवा लागला होता?"

ते खोटं बोलत नव्हते. मुख्य काम नीट झालं म्हणून भार जाणवला नाही, पण गाठीशी शिल्लक काही उरली नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१ कोसळली ती अशीच. पुढच्या चाकाचा दिवा लागेना, म्हणून कॉकपिटमधले सगळे त्यातच गुंतले. विमान हळूहळू खाली येत होतं. इशारा वाजला, पण कुणाच्या लक्षात आला नाही. शंभराहून जास्त माणसं गेली.

गेल्या वर्षी बाबा आजारी होते. फोनवर "कसं चाललंय?" विचारलं की आई म्हणायची, "मजेत!" बाबांची औषधं वेळेवर, पथ्य वेळेवर. मी निर्धास्त. सुट्टीत घरी गेलो तर विजेचं बिल थकलेलं, तुळस वाळलेली, आणि तिची स्वतःची बीपीची गोळी महिनाभर आणलेलीच नाही.

हेच शिकायला सातासमुद्रापार आलो, आणि आईच्या बाबतीत फक्त तिलाच विचारत बसलो!

आता फोनवर मी "कशी आहेस?" विचारत नाही. "आज काय करायचं राहून गेलं?" असं विचारतो. आधी "काही नाही रे" म्हणायची. परवा मात्र सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती.