लाथेची चित्रफीत आणि समीक्षकाची पत

केडगाव. वादात सापडलेल्या क्रीडासमीक्षकाला गाजावाजा करून पत परत मिळवता येते, हे मला पटत नाही. 2019च्या क्रिकेट विश्वचषकात समालोचक संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला धड फलंदाज नाही, धड गोलंदाज नाही अशांत काढलं. उपांत्य सामन्यात जडेजाने 77 धावा ठोकल्या. मांजरेकरांनी आपलं चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मार्च 2020मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना समालोचकांतून वगळलं, तरी वर्षअखेरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी सोनी वाहिनीने त्यांना घेतलंच. कोणी म्हणेल, गप्प बसणाऱ्याला लोक विसरतात. खरंय, मानधनावर जगणाऱ्या पत्रकाराला तर स्वतःचं नाव पुढे करावंच लागतं. पण 2 फेब्रुवारी 2025ला इथून जवळच, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून रण पेटलं आणि हरवलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली, तेव्हा त्या लाथेची चित्रफीत कोणीही फिरवू शकत होता. त्या मल्लाचे दोन्ही खांदे टेकले का, हे नियमासकट सांगायला मात्र कुस्ती कळावी लागते. मिरवायचंच तर असं विश्लेषण मिरवावं, त्यातलं चुकलेलंही न लपवता.